शुभेच्छापत्रातलं घर

शेठच्या पुतण्यानं डिसेंबरात परदेशातून धाडलेलं शुभेच्छापत्र
नायनांनी एप्रिलमध्ये घरी आणलं, शर्टाच्या खिशातून.
भद्रावती पेठेतल्या आमच्या खोलीत, बल्बखाली:
उतरत्या छपराचं बुटकं घर,
छपरावर पांढरा जाड थर,
दारापर्यंत वळत गेलेली वाट,
दोन्ही अंगांना फुलं, सगळी एका मापाची.
चिमणीतून धूर. माणूस एकही नाही.

'हेच पाहिजे म्हणाले चादरीवर.'
आणि ग्राफचा कागद पाटावर पसरला.

चौकोन मी मोजायचे, ते रंगवायचे.
ओकटि, रेंडु, मूडु...
मोजणी तेलुगूत, चुकलं की शिवी मराठीत.
वळण चौकोनात बसत नाही,
म्हणून वाट पायऱ्या-पायऱ्यांनी गेली.
फुलाला पाच चौकोन; पाकळ्या मागू नयेत.
धुराला मात्र त्यांनी फार वेळ दिला.
त्यांच्या माहितीतली चिमणी गिरणीची,
आणि ती कधीच गार झालेली.

छपरावरचं पांढरं काय, मी विचारलं.
'बर्फ.' मग थोडं थांबून,
'मागाचं तूस बसतं ना आपल्या पत्र्यावर, तसं.
फक्त थंड.'
रात्रीचे दहा वाजले होते, पत्रा अजून तापलेला.

आई सूप मांडीवर घेऊन विडीची पानं कातरत होती.
तिनं मान वाकवून पाहिलं.
'एवढी फुलं? यांच्याकडं पाणी
किती दिवसांआड येतंय, विचार.'
मग कात्री जराशी थांबली.
'एकच खोली असंल. पण दार स्वतःचं हाय.'
घरकुलाच्या यादीत तेव्हा तिचं नाव होतं,
तीनशे अकरावं.

पंचिंगला एक भोक चुकलं.
खिडकीतला पिवळा उजेड
एका धाग्यानं भिंतीबाहेर सांडला.
नायना रात्रभर कुशी बदलत राहिले.
शेठच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

चादर मागावरून उतरली आणि आम्ही बघतच राहिलो.
नक्षी रुंदीत आठदा फिरली होती:
आठ घरं, भिंतीला भिंत,
याची फुलं त्याच्या दारात,
आठ धूर, म्हणजे आठ चुली,
आणि आठही खिडक्यांतून तीच चूक.
परदेशातलं ते एकटं घर
सोलापुरात येऊन चाळ झालं होतं.
'आता भांडणं ऐकू येतील,' आई म्हणाली
आणि तोंडाला पदर लावून हसली.

उलट्या बाजूला रात्र:
आकाश पांढरं, बर्फ काळा.
नायना हात फिरवायचे तो त्याच बाजूवरून.

एक डागी चादर आमच्याकडं राहिली.

घरकुलाची किल्ली मिळाली तेव्हा नायना नव्हते.
खिडकीला पडदा नव्हता,
आईनं दोन खिळे ठोकून तीच अडकवली,
काळा बर्फ आतल्या अंगाला.
दार तिनं दोनदा लावून उघडून पाहिलं.
नळाला पाणी
गुरुवारी येणार होतं.