सात फुटी सेक्शन

दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
शिवणयंत्र सरकवून जागा केली.
सात फूट फळी, एकेरी लाइन, मधे एक लूप.
गाड्या चार. इंजिनं दोन, त्यातलं एक रुसलेलं.

घड्याळ मी पळवलंय:
आपली पाच मिनिटं म्हणजे तिकडचा एक तास.
कुकरच्या पहिल्या शिट्टीपासून तिसरीपर्यंत
तिकडे दुपार टळते,
आणि मालगाडी लूपमध्ये उभीच,
पॅसेंजरला वाट देत.

आलेखाच्या कागदावर तिरक्या रेघा ओढतो.
दोन रेघा जिथे छेदतात
तिथे स्टेशन असलंच पाहिजे, नाहीतर टक्कर.
एवढंच शास्त्र.
छत्तीस वर्षं प्रतापनगरच्या कंट्रोलमध्ये हेच केलं,
फक्त तेव्हा रेघांमध्ये माणसं बसलेली असायची.

मालाच्या चिठ्ठ्या कुमुदनं कापून दिल्या,
जुन्या लग्नपत्रिकांच्या.
पुढे मी लिहितो: लवंगा चार, डबा नंबर तीन.
मागे कुणाचं तरी चि. सौ. कां.,
आणि अर्धा गणपती.

अडलं ते नावांवर.
खालचा ध्रुमिल म्हणाला, काका, क्रिकेटवाल्यांची देऊ.
कुमुद म्हणाली, सेवपूर, उसळगाव.
मी म्हटलं, नाव गोड नको, निराळं हवं.
खरखरत्या फोनवर अर्धं ऐकू आलं
तरी दुसऱ्यासारखं वाटता कामा नये.

एकदा मी भाणसर म्हणालो
आणि पलीकडे परमारनं धाणसर ऐकलं.
कुणी मेलं नाही.
दुधाची गाडी पावणेतीन तास उन्हात उभी,
दूध नासलं, तीन वेतनवाढी रोखल्या,
परमारच्या.
चौकशीत मी सांगितलं, मी स्पष्ट बोललो होतो.
अजून कधी रात्री ती दोन नावं
एकापाठोपाठ एक म्हणून बघतो,
कुमुद कूस बदलते.

म्हणून आता परीक्षा घेतो.
ती ओट्यापाशी, मिक्सर चालू.
मी दारातून एकेक नाव ओरडतो,
तिला ऐकू येईल ते तिनं परत सांगायचं.
मोगरीची टोकरी झाली. गेली.
साखरवेलीचं काय झालं ते सांगत नाही.
टिकली दोन: झुंबर आणि अडुळसा.

कपाटाच्या पाठीला भोक पाडून
रूळ आत नेलाय, गोधड्यांच्या अंधारात.
सगळा माल तिथून येतो, तिथेच जातो.
त्याला बाहेरगाव म्हणतो.
तिथून कुणी फोन उचलत नाही,
त्यामुळे ते नाव तपासलं नाही.

राहिला लूप.
खोबरं वाटणं चालू होतं. मी हाक दिली.
तिनं मिक्सर बंद केला नाही, मानही वळवली नाही.
म्हणाली, परमार.

ध्रुमिल पाटी रंगवतोय,
अक्षरं जरा मोठी काढ म्हटलं.