चौथ्या दिवसाचं पाणी

आमच्या बोळात पाणी चौथ्या दिवशी येतं,
तेही रात्री अडीचला, उपकार केल्यासारखं.
नळ आधी कोरडा खोकतो
आणि घागरी घेऊन गल्ली उठते.
शेजारचं दार तेवढं उठत नाही.

राजमणी येमुल.
वय विचारलं तर, "पेन्शन देणारैस काय?"
चादरीच्या नक्षीची कार्डं टोचायची कारखान्यात.
मग मालकानं कॉम्प्युटर आणला,
किंवा हिनं हातातला ठोकळा त्याच्या टेबलावर फेकला.
गल्ली दोन्ही सांगते.
ती तिसरंही सांगत नाही.

पहिल्यांदा तिची घागर मी न विचारता भरली.
सकाळी ती माझ्या उंबऱ्यावर ओतलेली.
पाणी. सोलापुरात. मे महिन्यात.
इतकी महाग शिवी मला कुणी दिली नव्हती.

शेंगाचटणीचा डबा परत आला तो घासून,
आत दहाची नोट, चार घड्या घातलेली.

"पो," म्हणायची. तेलुगूत, जा.
मी बार्शीची. मला तेवढंच तेलुगू आलं.
पण रोज एकच शब्द ऐकला की त्याचेही पदर सुटतात:
एक पो दार आपटून,
एक बिडी न काढता, ओठाच्या कोपऱ्यातून,
एक असा, की पुढे काहीतरी गिळल्यासारखा.
किंवा मला तसं ऐकायचं होतं.

तिचा भाचा व्यंकटेश एकदा येऊन गेला, लगेच हाकललाही गेला.
जाताना तीन कुप्या माझ्या हातात.
"इन्सुलिन आहे. तिच्याकडं फ्रिज नाही.
मी दिलं म्हणू नका."
मी दह्याच्या भांड्यामागे ठेवल्या
आणि तिला जाऊन सांगितलं.
तिनं चहात सहा चमचे साखर घातली,
मोजून, माझ्याकडे बघत,
आणि बशीत ओतून सावकाश प्याली.
"काय बघायलीस?"

मी काही संत नाही.
तीन पाळ्या तिचं पाणी भरलं नाही.
मर म्हटलं मनात, अगदी स्पष्ट.
मग पुन्हा का गेले ते मला नीट सांगता येत नाही.
फ्रिजचं दार उघडलं की
कुप्या एकमेकींवर बारीक वाजायच्या,
एवढंच.

जूनमध्ये एका रात्री लाइट गेली.
पलीकडचे माग एकदम गप्प झाले,
कानात नुसता खड्डा.
ती पायरीवर बसलेली, पुठ्ठ्यानं वारा घेत.
भोकाभोकांचा पुठ्ठा.
"अहो, यानं वारा येतो होय?"
मला हसू फुटलं. ती हसली नाही,
पण "पो"ही म्हणाली नाही.
माझ्या मोबाइलच्या उजेडात कार्ड धरलं,
भिंतीवर उजेडाचे दाणे सांडले.
"मोराच्या मानेतली एक ओळ हाय ही.
बाकी साडेतीनशे चुलीत घातल्या."
"हीच का ठेवली?"
बराच वेळ काही नाही. मग,
"भोक आसंल तितं धागा उचलतंय.
नसंल तितं पडून ऱ्हातंय."
आणि लाइट आली, माग पुन्हा सुरू झाले,
ती कार्डासकट आत गेली, कडी लावून.

पुढच्या पाळीला दार बंदच.
घागर मात्र बाहेर.
एरवी उपडी असायची,
त्या रात्री सरळ.
भरताना आतून आवाज आला,
"नळी गळतीय तुझी. फडकं बांध."

बदललं म्हणाल तर इतकंच.
साखर अजून सहा चमचे.
पायाची जखम ती अजून लुगड्याखाली लपवते,
काल पुन्हा मला भिकारडी म्हणाली, गल्लीसमोर.

कामावर जाताना किल्ली मी चौकटीवर ठेवते.
हे मी एकदा मोठ्यानं बोलले होते,
मधल्या भिंतीला.
परवा संध्याकाळी फ्रिज उघडला
तर दह्याचं भांडं डावीकडे सरकलेलं.

कुप्या मी मोजल्या नाहीत.
मोजल्या असत्या
तर तिला कळलं असतं.