पाळी

एका खिळ्याला दोन कॅलेंडरं.
मागच्यावर बेंदराच्या आदल्या दिवशी पेन्सिलीचा ठिपका,
माझी पाळी चुकली तिथं.
पुढच्यावर लाल पेनानं शमशाद सिस्टरची पाळी:
सोम-मंगळ दिवसाची, बुध-गुरू रात्रीची,
शुक्रवारी सुट्टी.
सासू म्हणाली, पोर काय वार बघून येतं व्हय?

पहिल्या वेळी मला कुणी विचारलंच नव्हतं.
दवाखान्याच्या खालचं मेडिकल चुलत दिराचं,
म्हणून दवाखाना ठरला.
काचेचं दार, देवाला रोज ताजी जास्वंद.
दुपारी चारला म्हणाले, थांबून उपयोग नाही.
का, ते इंग्रजीत लिहून दिलं.
तीन वर्षं तो कागद पिशवीत होता,
रेशन कार्डाखाली.

ह्या खेपेला आधी निंगव्वाकडं गेले.
आमची निम्मी आळी तिच्या हातची,
मायाप्पासुद्धा, तोही पायाळू.
तिनं पोट चाचपलं नाही.
टाक्याच्या रेघेवरनं एक बोट फिरवलं, अलगद,
चुलीवरचं भांडं तापलंय का बघावं तसं.
"शिवलेलं पोतं मी भरत न्हाई, बाई.
उसवलं तर माझ्याकडं सुई न्हाई."
मग कानडीत काहीतरी पुटपुटली.
तिच्या सुनेला विचारलं, ती नुसती हसली.
निघताना म्हणाली,
"दवाखान्यात शिरलीस की बघ,
आधी तुझ्याकडं कोण बघतंय
आन् फायलीकडं कोण."

आशाच्या कांचनताईला घेऊन मिरजेला गेले.
पहिल्या ठिकाणी फाईल.
दुसऱ्या ठिकाणी बाई गोड होत्या,
"नॉर्मलचं बघू हं," म्हणाल्या
आणि बोलता बोलता तारीख लिहून मोकळ्या झाल्या.
तिसऱ्या ठिकाणी जुना दगडी जिना,
फिनेलचा वास, बाकड्याचा एक पाय विटेवर.
एक ठेंगणी बाई हात पुसत आली.
"जेवलीस का? पहिल्या वेळी काय झालं होतं?"

मी सांगत गेले.
तिचा चहा गार झाला, वर साय धरली.
मग तिनं कागद मागितला,
बोट ठेवून ओळ ओळ मराठीत सांगितली.
ठोके उतरले होते.
म्हणजे कारण होतं.
तीन वर्षं मी ज्या माणसाला शिव्या घातल्या
तो खोटं बोलला नव्हता,
नुसता बोलला नव्हता.

"खात्री देत नाही," सिस्टर म्हणाली.
"ठोके बघत बसू. वरच्या मॅडम इथंच असतात.
परत उतरले, तर मीच तुला आत नेईन,
पण आधी सांगून."

मायाप्पाचं म्हणणंही काही चूक नव्हतं.
जत पंचवीस मिनिटं, मिरज दोन तास,
त्यात बेदाण्याचा हंगाम, शेड सोडवत नाही,
रात्री नागज फाट्यावर कळा आल्या तर काय करायचं?
चार दिवस तो बोलला नाही.
पाचव्या दिवशी मालकाकडनं उचल घेऊन आला
आणि मावशीच्या नणंदेला फोन लावला.

म्हणून मी इथं,
मिरजेत, माडीवरच्या खोलीत, नववा भरलेली.
खाली तंबोरे बनवणारा म्हातारा राहतो,
अंगणात भोपळे वाळत घातलेत,
मोठे, गोल, देठ वर केलेले.
मी त्यांच्यात बसून मेथी निवडते.
आमच्याकडं बघून पोरं हसतात.

आज गुरुवार. संध्याकाळपासून
ओटीपोट आवळतंय, सुटतंय.
सिस्टर सकाळी सातला घरी जाईल.
सुट्टीला फोन केला तर चालेल म्हणालीय,
उचलीनच असं नाही, हेही म्हणालीय.
त्या दुसऱ्या वाक्यावरच माझा जास्त भरवसा.

पिशवी भरून दारात ठेवलीय:
धुतलेली जुनी लुगडी, बाळाचं टोपडं,
आणि तो कागद, आता सगळ्यात वर.

खाली म्हातारा एक भोपळा उचलतो,
टिचकी मारतो, कान लावून ऐकतो.
"अजून न्हाई," म्हणतो,
आणि होता तिथं परत ठेवतो.