बुधवारी रात्री

गुरुवारी पाणी येणार नाही असा निरोप आला की
आदल्या रात्री वारज्यात आम्ही सापडेल ते भांडं भरतो.
पिंप, कळशी, कुकर, दुधाचं पातेलं.
एकदा मी फुलदाणीसुद्धा भरली होती.

आज बुधवारच. नळ चालू आहे.
ओट्याला लागून टेबल, टेबलावर ऋजुताचा लॅपटॉप,
आणि त्यातही भरणंच चाललंय.

नऊ वर्षं आम्ही जिथं बोललो
ती जागा आमची नव्हती. भाडं नव्हतं,
म्हणून पावती नाही, भांडायला खिडकी नाही.
मार्चपासून नियम बदलले.
आधी मालन चरवडच्या टाक्यांचा फोटो गेला.
कारण : अंगप्रदर्शन.
मालन म्हणाली, अगं, प्रदर्शनाला उरलंय काय?
डाव्या बाजूला नुसतं एस.पी.चं मैदान.

मग शबाना तांबोळीचा जुना प्रश्न गेला,
‘नळी काढताना दुखतं का?’
खालची सदतीस उत्तरंही त्याच्याबरोबर.
आम्ही दाद मागितली.
चार सेकंदांत नकार.
चार सेकंदांत आमचा वॉचमन
चष्मासुद्धा शोधत नाही.

म्हणून ही भाची, हिंजवडीहून थकून आलेली.
नवी जागा वर्षाला दोन हजार नऊशे,
वर्गणी जमली तीन हजार चारशे वीस,
त्यातले वीस कुणाचे ते अजून कळलेलं नाही.

अकराच्या सुमारास ती थांबली.
“मावशी, न्यायच्या आधी प्रत्येकीला विचारायला हवं.
एकेचाळीस जणी उत्तरच देत नाहीयेत.”

देणार नाहीत, मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. नळाचा आवाज बदलला,
पिंप भरत आलं की बदलतो तसा.

त्यांत अनुपमा धनकुडे आहे.
पिशवी शिवून ब्लाउजच्या आत कशी बसवायची
ते तिनं शिकवलं. बाजरी टोचते,
मोहरीला घामाचा वास लागतो,
राळेच घ्या, मंडईच्या मागे मिळतात,
आणि वजन दुसरीइतकंच, नाहीतर पाठ एकीकडे जाते.
तिचं शेवटचं वाक्य : ‘आज दमलेय, रविवारी सांगते.’

तिच्या वतीनं विचारायचं कुणाला? नवऱ्याला?
कितीतरी जणींनी घरी सांगितलंच नव्हतं
की आपण इथं येतो.
मी मालनला फोन लावला. ती जागीच होती.
“माझं विचारशील, तर मी गेल्यावर नेऊ नका काही.
माझे टाके माझ्याबरोबर.”
शबाना नेमकं उलटं म्हणाली,
“सगळं न्या. मी गेल्यावर माझं डोकं कोण खाणार तिथं?”
दोघींचं बरोबर होतं. मला चहा ठेवावासा वाटला,
पण पातेल्यात पाणी भरलेलं.

ऋजुतानं शेवटी त्या एकेचाळीस जणींचं सगळं
एका बंद कप्प्यात ठेवलं.
कुणाला दिसणार नाही, पुसलंही जाणार नाही.
नाव काय देऊ, तिनं विचारलं.
मी पिंपावर झाकण ठेवत होते.
तिनं तेच लिहिलं.

दीड वाजता नवी जागा उघडली.
रिकामी, रंग दिल्यावर फर्निचर यायच्या आधी
खोली असते तशी. आवाज घुमेल असं वाटलं.
पाच मिनिटं कुणीच नाही.
मग शबाना :
‘नळी काढताना दुखतं का?’

तिची नळी काढून सहा वर्षं झाली.

मी चष्मा पुसला. सदतीसांतली किती आठवतात?
नाही गं. थोडंसं. मुंगी चावल्यासारखं.
आणि एक अनुपमाचं होतं, ते मी तिच्या नावानं नाही,
माझ्याच नावानं लिहिलं, कारण तिला विचारलेलं नाही :
डोळे मीट आणि पाढा म्हण, एकोणतीसचा.
एकोणतीस एके, एकोणतीस दुणे,
त्रिकाच्या आत ती बाहेर आलेली असते.