घराची नती

भूशास्त्र विभागाच्या तळघरात सामानखोली आहे,
तिची किल्ली एकवीस वर्षं माझ्या कमरेला.
हातोडे, भिंगं, तंबू, होकायंत्रं
मे महिन्यात वाटायची, ऑगस्टात मोजून घ्यायची.
मधे नुसत्या खुंट्या.

टॅन्सी रॅटलिफ आली तेव्हा बाकीची पोरं जेवायला गेली होती.
वेळ तिनं बघूनच निवडली असावी.
हातात सक्तीच्या सामानाची यादी, पेन्सिलीनं खुणा केलेली :
घरात आहे त्याला टिंब,
मागून मिळेल त्याला फुली,
आणि कोऱ्या ओळी. कोऱ्याच जास्त.

"हे सहा आठवडे केल्याशिवाय पदवी नाहीच?"
नाहीच.
"तिकडे रविवारी कुठं काम मिळेल? एखादं हॉटेल वगैरे?"
मोंटानातला तळ गावापासून चाळीस मैल, मी म्हटलं,
आणि गावात हॉटेल एकच.
"म्हणजे भांडीही एकाचीच," ती म्हणाली, आणि हसली,
पण यादी घडी करून पुन्हा उघडली.

दर उन्हाळ्यात ती कोलंबसच्या बाहेर गोदामात रात्रपाळी करते.
त्या पैशातून थंडीतला गॅस येतो, आईचं औषध येतं.
तर या सहा आठवड्यांची किंमत दोनदा :
एकदा भरायची, एकदा न कमावायची.
अर्जात पहिलीसाठी रकाना आहे.
मदत कचेरीच्या लेखी वर्ष नऊच महिन्यांचं,
जून-जुलैत गरीब लोक
बहुतेक कुठं तरी ठेवून दिलेले असतात.

होकायंत्राला साठ डॉलर अनामत.
राहू दे म्हणणार होतो, तर तिनं हात वर केला,
वाहतूक पोलीस करतो तसा.
कोपऱ्यातल्या ढिगाकडं बघत म्हणाली,
"हे फाटके तंबू कशाला ठेवलेत?"
तिची आई गाड्यांच्या सीटा शिवायची, कारखाना बंद होईपर्यंत.
मशीन घरी आहे, अजून चालतं.
सात तंबू पिकअपमध्ये टाकून नेले,
सोमवारी आणले. टाके असे की
बोट फिरवलं तरच कळावं कुठं फाटलं होतं.
रजिस्टरात मी लिहिलं : अनामत जमा.
कुणी विचारलं तर तंबू दाखवले असते.
कुणी विचारलं नाही.

बूट मामाचे, कोळशाच्या खाणीतले, दोन नंबर मोठे.
आत मोज्यांचे तीन जोड.
फीचं तिनं कसं जमवलं मला ठाऊक नाही.
पिकअप मात्र नंतर दिसली नाही.

ऑगस्टात ती दोन दिवस उशिरा आली, बसनं,
नाकाची सालं निघालेली.
"दंड किती?"
होकायंत्र घरी का नेलंस, मी विचारलं.
तिनं वही उलटी उघडली, शेवटचं पान.
डोंगर नव्हता. चाकांवरचं घर होतं, त्यांचं,
वरून बघितल्यासारखं,
खोलीखोलीत थर दाखवायची ती आखूड रेघ आणि अंश.
स्वयंपाकघर : नती तीन, आग्नेयेकडं.
आईची खोली : पाच.

"गोटी कुठंही सोडली तरी स्टोव्हखाली जायची.
मला वाटायचं, गोट्यांना ऊब आवडते."
पान उलटलं. "खाली जुनी खाण आहे. खचतंय.
दोन जॅक लागतील आणि ओकचे ठोकळे, बारा.
सध्या सहा परवडतात.
आईच्या खोलीपासून सुरू करीन."

दंड नाही, मी म्हटलं.
तिनं तरी दोन डॉलर टेबलावर ठेवले, सुटे.

ती गेल्यावर होकायंत्र खुंटीला लावायच्या आधी
सहज टेबलावर ठेवलं.
बुडबुडा मध्ये थांबेना.
एकवीस वर्षं मी इथं कॉफीचा कप ठेवतोय,
आणि एका बाजूलाच डाग का पडतात
याचा कधी विचार केला नाही.

पुढच्या वर्षीच्या सक्तीच्या सामानाची यादी
छापून आलेली होती, गठ्ठाभर.
वरचा एक कागद घेतला, चार घड्या घातल्या,
आणि टेबलाच्या पायाखाली सरकवला.