पाऊणपट

माझ्या कादंबरीतला माणूस सातव्या प्रकरणात
आचऱ्याच्या खाडीत, तिवरांमध्ये अडकतो.
होडी फुटलेली, काडेपेटी भिजलेली,
पण डोकं कोरडं आहे.
चिखलात काटकीने तो लिहितो :
आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात.
साडेसातला पूर्ण भरती, म्हणजे
अजून दीड तास हातात आहे.
हे पान मला फार आवडायचं.
कोल्हे ओरडतात, खेकडे बिळांत शिरतात,
आणि तो एकटाच आकडेमोड करून जगतो.

द्रुपदी कुबल मागीलदारी कालवं फोडत होती.
तिला वाचून दाखवलं.
हात न थांबवता म्हणाली,
"ह्येका भूक लागणा नाय?"

मग सांगत गेली, तुटक, शिंपल्यांच्या आवाजातून.
जुव्यावर ती आणि तिची कुत्री, टिकली.
तीही मोजूनच गेली होती. दशमी, साडेसात.
पण त्या पक्षात नवमी दोन दिवस होती
आणि कॅलेंडर टांगलेलं सोसायटीच्या दुकानात.
पाणी पाऊण तास आधीच निघालेलं.
टिकलीने नाक वर केलं, एकदा भुंकली
आणि सरळ पोहत पलीकडे गेली.
"मी कित्याक जातंय? टोपली अर्धीच होती."

पाणी छातीला आलं, टोपली डोक्यावर,
पाय वाळूला लागेनात,
तेव्हा तिला दिसलं
काठाकडून एक काळं डोकं परत येताना.

मी वही मिटली. म्हटलं, हे उपजत कसलं?
उपजत होतं ते तर काठाला पोचलं होतं,
त्याचं अंगसुद्धा झाडून झालं होतं.
हे जे उलटं फिरलं, ती काय, माया?
"माया खयची! टोपलीत अर्धी भाकरी होती."
हसली,
आणि बराच वेळ एकच कालव फोडत राहिली.

सातवं प्रकरण अजून तिथंच आहे.
माणूस चिखलात बसलाय. गणित बरोबर,
पंचांग माझंच, चुकणार कसं?
काल रात्री मी त्याच्या पिशवीत
अर्धी भाकरी टाकली.
आता कोणीतरी पोहत यायला हवं.
काटकीने लिहिलेला साडेसातचा सात
पाण्याखाली गेलाय.
मी काठावर, पेन धरून उभा.
अंग कोरडं.