बिजागरी

केणीबाईंची जीप आली तेव्हा
चारपैकी दोन दिव्यांना काचा नव्हत्या,
तिसरा मान मोडल्यासारखा लोंबत होता.
"पाइपलाइन," त्या म्हणाल्या. एवढंच.

भांडुपला खाजणाकडे वळताना
पाण्याचा थोरला नळ रस्त्यावरून आडवा जातो.
खालची जागा सहा फूट दोन इंच.
कशाने मोजलीत, विचारलं,
तर म्हणाल्या, दिव्यांनी.

कोळंबी रात्रीची चोरीला जाते.
उजेड हवा, तोही उंचावरून,
बांधापलीकडे पडेल असा.
पण नळाखालून जाताना दिवे निजले पाहिजेत.
त्या "निजले" म्हणाल्या.
मी बिलावर "फोल्डिंग" लिहिलं.

रोल बारला भोक पाडत नाही मी.
गाडी उलटली तर डोकं वाचवणारी तेवढी एकच नळी.
म्हणून क्लॅम्प,
आत सायकलच्या ट्यूबची पट्टी,
आणि बिजागऱ्या दारूखान्यातल्या,
फोडायला आलेल्या कुठल्याशा बोटीच्या,
पितळी, हिरव्या पडलेल्या.
चिंच लावून घासल्या.
दिवे आता मागे पूर्ण उलटे होतात,
वटवाघळांसारखे बारखाली टांगून राहतात.

इर्शाद वायर ताणून बांधत होता.
म्हटलं, सोड.
उभ्या वस्तूला नेमकी वायर पुरते,
निजणारीला वीतभर जास्त लागते.
त्याने वीत मोजली. स्वतःची, तेरा वर्षांची.
मी काही न बोलता
वर चार बोटं धरली.

आठ वाजता बटण दाबलं.
समोरचा तिसरा मजला फटफटीत उजाडला.
टॉवेल वाळत घालणारा इसम
डोळ्यांवर हात धरून आमच्या सात पिढ्यांवर घसरला.
केणीबाई दिव्यांकडे बघतच नव्हत्या.
"आणि निजलेले असताना पेटले तर?"

चूक माझीच. तो स्विच राहिला होता.
दिवे उलटे केले, तरी जळतच राहिले,
आणि सगळा उजेड मागच्या हौद्यात सांडला:
ओली जाळी, तराजू, बर्फाची फुटकी पेटी,
एकच रबरी चप्पल.

म्हटलं, दहा मिनिटं द्या, बंद होतील असं करतो.
"राहू दे," त्या म्हणाल्या,
"पहाटे वजन करायला बरं."
हौद्यात चढल्या, पेटी उलटी घालून बसल्या
आणि त्या उजेडात, थुंकी लावून,
माझे पैसे मोजायला लागल्या.
दोनदा मोजले.
शंभर कमीच होते.